जमादाराचा उंबरा

५ फेब्रुवारी १९३१
आज श्रीवर्धनला उतरलो. आगबोटीतून पडावात, पडावातून बैलगाडीत. हाडं खिळखिळी झाली, पण जागा फक्कड! पोफळीच्या बागेत वेड्यांचं खासगी इस्पितळ, समुद्राचा वारा, आणि मी इथला नवा कंपाउंडर. शिमग्याला घरी जायची रजा डॉक्टरांनी आधीच कबूल केलीय. बायकोला, कमळला, तसं लिहून टाकलं. स्वैपाकीण सोनाबाईने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. झकास. एकच खोट, व्हरांड्यात एक काळा, लूत लागलेला कुत्रा मोकळा फिरतो. नाव काय, तर जमादार!

८ फेब्रुवारी
इथली तऱ्हा काय वर्णावी. संध्याकाळी जमादार ज्याच्या उंबऱ्यावर बसेल त्याच्या दाराला बाहेरून कडी. कुत्रा आपण होऊन उठेपर्यंत ती काढायची नाही. वॉर्डर धर्माजी म्हणतो, झटका यायच्या आधी त्याला वास लागतो, आजवर कदी चुकला न्हाय. काल नामा नावाच्या वेड्याच्या दारात बसला आणि नामाने खाट मोडली. अरे, कोंडल्यावर कोण मोडणार नाही? डॉक्टरही मान डोलावतात. गाढवांचा बाजार नुसता.

१३ फेब्रुवारी
मेल्याने माझ्या अंथरुणावर मुतून ठेवलं. कमरेत अशी लाथ घातली की केकाटत बागेत पळाला. औषधांच्या कपाटातून कुचल्याच्या विषाची पुडी काढून खिशात टाकलीय. उद्या कायमचा निकाल लावतो.

१४ फेब्रुवारी
काल संध्याकाळी जमादार माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला, आणि त्या धर्माजीने कडी घातली! मी शिव्या दिल्या, दार लाथाडलं. तो बाहेरून थंडपणे म्हणाला, पयल्यांदा समदेच असं करतात. आज म्हसळ्याहून डॉक्टर आले, खिडकीतून बघितलं, नाडीसुद्धा न धरता मान डोलावली. हरामखोर.

१९ फेब्रुवारी
हलत नाही. सोनाबाई त्याला तिथेच भात घालते, मला खिडकीतून. शिमगा तोंडावर आला. आज माझ्या भातात पुडी कालवली, गोळा दाराखालच्या फटीतून सरकवला. चाटूनपुसून खाल्ला. जरा वेळ पाय झाडले, मग गप्प. मेला! मी टाळ्या पिटल्या.

२० फेब्रुवारी
ओरडून सांगितलं, कुत्रा मेलाय, कडी काढ. धर्माजी म्हणाला, मेलाय ते दिसतंय, पन उठलाय कुटं? उठल्याबिगर कडी काढायची न्हाय.

२४ फेब्रुवारी
वास. माशा. त्याला हात लावायला कुणी धजत नाही. सोनाबाई अजून त्याच्यापुढे भात ठेवते— मी रडलो, पाया पडतो म्हणालो— कमळ वाट बघत असेल—

३ मार्च
होळीचे ढोल ऐकू येतात. सकाळी त्याच्यापुढचं भाताचं पान रिकामं असतं. कावळे खातात म्हणे. कावळे असं चपचप—

४ मार्च
नखं. दारावर. खालून वर— धर्माजी अंगणातून ओरडतोय, उठला, उठला, कंपाउंडरसाहेब, सुटलात!— कडी हलतेय— पण धर्माजी तर अजून अंगणात— नको— बस, जमादार, बस— उठू नको रे बाळा, बस—