मुकी नेटल

प्रिय एनॉककाका,

आपल्या नेटल कुत्रीला रविवारपर्यंत ठेवतो, असं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. प्रार्थनेहून आलो की बंदूक घेतो आणि तिला भिंतीपलीकडे नेतो, हे तुम्ही इतक्या साध्या सुरात सांगितलंत, जणू वठलेलं झाड पाडायचं आहे. आणि मी मान हलवली. त्या हललेल्या मानेबद्दलच मला लिहायचं आहे. पण मी सरळ मुद्द्यावर येणारी बाई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. वेडीवाकडी वळणं घेत येईन, तेवढं सोसून घ्या.

इकडचं बरं चाललंय. मेंढ्या विण्याचा हंगाम संपत आला. वरच्या कुरणातली ती भांडखोर मेंढी, जिला तुम्ही ‘सासूबाई’ म्हणता, तिला जुळं झालं आणि तिने दोन्हीही कोकरं जवळ घेतली, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. ओढ्याकडची दगडी भिंत पुन्हा ढासळली. या वर्षी कोल्ह्याने फार कोकरं नेली नाहीत, तेही तुमच्या कुत्र्यांच्या जिवावर. हे लिहिताना हात थांबला बघा. तुमच्या कुत्र्यांच्या जिवावर.

बाबा गेले त्या वसंतात मी पहिल्यांदा तुमच्या दाराशी आले होते, आठवतं? सकाळ उजाडली की एक कोकरू कमी. कोल्हा कड्याखालच्या दगडांच्या राशीत राहतो हे सगळ्या खोऱ्याला माहीत, पण त्याला बाहेर काढायचं कसं हे मला कोण सांगणार? बाबांचा लठ्ठ टेरिअर कुत्रा काखेत मारून मी आले. तुम्ही पाइप तोंडातून न काढता त्याच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “हा बिळात जायचा कसा? लोणी लावून ढकलायचा का?” मला रडूच आलं. मग माझ्याकडे वळून, “आणि तू गं पोरी? तुला काय येतं?” मी म्हटलं, काहीच येत नाही. “चांगलं आहे. म्हणजे चुकीचंही काही येत नसेल,” असं म्हणून तुम्ही मार्थाकाकूंना आणखी एक कप मांडायला सांगितलात. त्या चहाबरोबर मिळालेल्या आल्याच्या केकचा तुकडा खाऊनच मी तुमची शिष्या झाले, असं मी लोकांना सांगते.

पहिल्या दिवशी तुम्ही कुत्रा आणलाच नाहीत. मला त्या राशीवर पालथं निजवलंत, कान दगडाला लावून, आणि स्वतः आडोशाला बसून पाव खात राहिलात. थोड्या थोड्या वेळाने विचारायचात, “काय ऐकू येतंय?” मी म्हणायची, काही नाही. “मग पड अजून.” कान बधिर झाला, पोटाखालचं शेवाळ भिजून चिंब, आणि तेव्हा कुठे मला खाली खोल वाहणारं पाणी ऐकू आलं. ते सांगितलं तशी तुम्ही उठलात. “डोळे मीट आणि तोंड जरा उघडं ठेव. तोंड मिटून पडलीस तर स्वतःचा श्वासच ऐकत बसशील.” तेवढं एक वाक्य शिकवायला तुम्ही मला अर्धा दिवस ओल्या दगडावर निजवलंत! पण काका, ते मी अजून विसरले नाही.

मग हळूहळू सगळं शिकवलंत. कुत्रा आत शिरला की माणसाला दिसत काहीच नाही, जे काही आहे ते कानांनी. एका जागी उभा राहून बोलतोय, म्हणजे कोल्हा त्याच्या पुढ्यात आहे. आवाज सरकायला लागला, म्हणजे कोल्हा निघाला, वरच्यांनी आता हलायचं नाही. नुसतं खरवडणं ऐकू आलं तर तो कुठेतरी अडकलाय, पहारी आणा. कुत्रा भुंकतो असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, ‘बोलतो’ म्हणायचात, आणि मीही तसंच म्हणायला लागले. आमच्या मावशीला वाटायचं पोरीचं डोकं फिरलं.

आणि मुक्या कुत्र्याबद्दल सांगितलंत. तुमचा स्वतःचा पहिला टेरिअर तसा होता. शूर, पण आत गेला की चकार शब्द नाही. एकदा राशीखाली गेला आणि आलाच नाही. तुम्ही आणि तुमचे वडील कितीतरी दिवस दगड उलथत राहिलात, पण कुठला दगड उलथायचा हेच कळत नव्हतं. तेव्हापासून तुम्ही ठरवलंत की मुकी जात आपल्या दारात वाढू द्यायची नाही, मग ती कितीही लाडकी असो. हे सांगताना तुमचा आवाज बसला होता. म्हणून तुम्ही जे करता ते निर्दयपणाने करता असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुम्ही ते दयेपोटीच करता. म्हणून तर माझी पंचाईत झाली आहे.

आता अवघड भाग. मार्थाकाकू गेल्यानंतरच्या हिवाळ्यात प्रार्थनाघरात तुम्ही शेवटचं कडवं संपल्यावरही एक ओळ गात राहिला होतात. सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि तुमचा दोस्त रेजी डिक्सन म्हणाला, “म्हाताऱ्याला देवाने जास्तीची ओळ दिलीय!” मी हसले नाही. मी तुमच्या शेजारी होते आणि तुमचा चेहरा मला दिसला होता. मग चुलीवर किटली शिट्टी मारत असायची आणि तुम्ही पाठमोरे बसून पाइप भरत असायचात. रेजीच्या विनोदाला तुमचं हसू एक क्षण उशिरा यायचं, आमची तोंडं बघून. मला कळत होतं. मी कानाडोळा केला. आपल्या माणसाचं म्हातारपण आपणच कसं दाखवून द्यायचं?

फेब्रुवारीत तुमच्या फ्लिंट कुत्र्याला राशीत सोडलं, तो दिवस मला रोज आठवतो. वारा होता, बाकीचे सगळे खाली भिंतीच्या आडोशाला हात चोळत उभे. राशीवर आपण दोघंच, तुम्ही या टोकाला कान लावून, मी त्या टोकाला. फ्लिंट बोलत होता, काका. माझ्या छातीखाली, जरा डावीकडे, एका जागी उभा राहून, खणखणीत. कोल्हा त्याच्या पुढ्यात होता. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही कान बदलत होतात. मग दगड बदललात. खालून रेजी ओरडला, “काय हो एनॉक, मुका निघाला की काय तुमचा पठ्ठ्या?” आणि तुम्ही मान वर करून मला विचारलंत, “पोरी, तुला येतोय का आवाज?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमच्या डोळ्यांत मला प्रश्न दिसलाच नाही. मला भीती दिसली. आणि मी म्हटलं, “नाही काका, काहीच नाही.”

मला वाटलं, एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडणार? कोल्हा पलीकडून निघाला, फ्लिंट नाकावर ओरखडा घेऊन शेपूट हलवत बाहेर आला, तुम्ही त्याचे पाय चाचपून पाहिलेत, कानाला कुरवाळलंत. झालं, संपलं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात होते तेव्हा भिंतीपलीकडून बार ऐकू आला. नंतर तुम्ही फाटकाशी येऊन म्हणालात, “अडकला असता तर कुठे शोधला असता त्याला? तूच सांग.” आणि मी काय सांगितलं? “बरोबर केलंत काका.” बादली हातात धरून, तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. त्या कुत्र्याला तुम्ही नाही मारलंत. तुमच्या हातात फक्त बंदूक होती.

त्यानंतर तुम्ही रेजीकडे जाऊन त्याला नाही नाही ते बोललात. “तुझ्या कुत्र्यापासून माझ्या कुत्रीची पिल्लं घेतली आणि माझ्या चाळीस वर्षांच्या जातीचा गळाच गेला,” म्हणालात. रेजी मला म्हणाला, “अगं, माझा कुत्रा तर झोपेतसुद्धा बडबडतो!” बिचारा हसत म्हणाला, पण त्याला लागलंय. तुम्ही दोघं शाळेच्या बाकापासूनचे दोस्त, आणि आता तो तुम्हाला पाहिलं की रस्ता ओलांडतो. तेव्हाही माझ्या तोंडून ब्र निघाला नाही.

आणि मग गेल्या शनिवारी नेटल. मी मुद्दाम तुमच्या अगदी जवळ कान लावून पडले होते, तुम्हाला आठवत असेल. ती आत गेल्याबरोबर बोलायला लागली. फ्लिंटपेक्षा बारीक आवाज, पण न थांबता, एखादी बाई नळावर भांडते तसा. मी मनात म्हणत होते, ऐका, ऐका हो, आता तरी ऐका. तुम्ही डोळे मिटून, तोंड जरासं उघडं ठेवून पडला होतात, मला शिकवलंत अगदी तसे. मग उठून गुडघे झटकलेत आणि म्हणालात, “हीसुद्धा.” एवढंच. तिचं पिल्लूपण तुमच्या कोटाच्या खिशात गेलं होतं, काका. मार्थाकाकूंनी तिला बाटलीने दूध पाजलं होतं. परत येताना फाटकाशी म्हणालात, रविवारपर्यंत ठेवतो. आणि मी मान हलवली.

आता तुम्हाला कळलं असेल मला काय सांगायचंय, तरी लिहून टाकते. नेटल बोलते. फ्लिंट बोलत होता. तुमच्या जातीला काही झालेलं नाही, रेजीच्या कुत्र्यालाही नाही. तुमचे कान गेलेत, काका. समोर उभं राहून कुणी मोठ्याने बोललं तर तुम्हाला अजून येतं, म्हणून इतके दिवस तुम्हालाही नीटसं कळलं नसेल. पण दगडाखालचं येत नाही, भिंतीपलीकडचं येत नाही. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुमचा मान राखायला मी खोटं बोलले असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर तुमचा चेहरा पडलेला मला बघवला नसता, म्हणून बोलले. माझ्या त्या भित्रेपणापायी एक चांगला कुत्रा गेला. मला माफ करा असं म्हणायची माझी लायकी नाही, पण म्हणते. आणि राशीवर यायचं थांबवू नका. कुत्रा कधी सोडायचा, कोल्हा कुठून निघणार, कुठला दगड हलवला तर बाकीचे कोसळतील, हे खोऱ्यात तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. ऐकायचं काम माझं. यापुढे जे ऐकेन ते खरं सांगेन, समोर कुणीही उभं असो.

एका शेताच्या अंतरावर राहून मी हे लिहून का पाठवते, ते सांगून थांबते. सोमवारी मी सांगायलाच आले होते. दाराशी उभी राहून म्हटलं, “काका, नेटल बोलते.” तुम्ही आभाळाकडे बघून म्हणालात, “हो, संध्याकाळपर्यंत येईल पाऊस.” मी आणखी मोठ्याने म्हटलं, तर तुम्ही कानामागे हात नेलात आणि चटकन खाली घेतलात. तिसऱ्यांदा सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि तेव्हा कोळसेवाला अंगणात पोती उतरवत होता, समोरची बाई खिडकीत होती. तुमचे कान गेलेत, हे मी ओरडून सांगू? सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात? मी अंडी ठेवली आणि निघून आले. ही गोष्ट फक्त तुम्हालाच कळावी, हलक्या आवाजात, म्हणून कागदावर लिहिली. आणि टपालाने पाठवली, कारण टपालवाला फाटकाशी आला की मागच्या खोपटातून नेटल त्याच्यावर तुटून पडते. माझ्या गोठ्यापर्यंत येतो तिचा आवाज. आज हे पाकीट घेऊन तो आला तेव्हाही ती बोलली असणार. उद्या तो माझं आणखी एक पाकीट आणेल, आत काही नसेल. खिडकीत बसा, तो वळणावर दिसला की खोपटात जा, तिला मांडीवर घ्या आणि तिच्या गळ्यावर हात ठेवा.

तुमचीच,
आयव्ही