दुधाचं पातेलं

आई, गेल्या महिन्यात इंदूरला माझ्या डोक्यावर किरणोपचार झाले. स्तनातली गाठ काढून चार वर्षं झाली होती. आता मेंदूत तीन डाग दिसले. तुझंही असंच झालं होतं, म्हणून लिहायला बसले.

आता सगळ्या डोक्याला किरणं देत नाहीत, निदान माझ्यासारख्यांना तरी. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर दाबतात, ती गार झाली की आपल्याच चेहऱ्याचा साचा होतो. तो लावून टेबलाशी जखडतात. मशीन फिरत राहतं आणि किरणं फक्त त्या डागांवर पडतात. दुखत नाही. पण पाऊण तास हलायचं नाही, नाक खाजलं तरी. मी पडल्या पडल्या आपल्या गावच्या सिंधीपुऱ्याच्या शाळेतला, तू शिकवायचीस तो पहिलीचा वर्ग आठवत होते, ज्यात मीही बसायचे. बारा मुलांची नावं आली. तुला सगळी पाठ असायची. पोरं बाप्ये झाली तरी नदीवर राजघाटावर दिसली की तू नावानं हाक मारायचीस.

तुझ्या वेळी दहा दिवस पूर्ण डोक्यावर किरणं दिली. केस गेले, गोळ्यांनी तोंड सुजलं, मग नावं निसटायला लागली. मला तू दोनदा मावशी समजलीस. डॉक्टरांनी विसर पडेल असं सांगितलंच होतं, त्यामुळे घरात काही हरवलं, राहिलं, की सगळे आधी तुझ्याकडे बघायचे.

एके दुपारी बाबा जेवायला घरी येतात आणि दारातच थांबतात. दूध उतू जाऊन बर्नर विझलाय, घरभर गॅसचा वास. "कोणी ठेवलं हे?" मी धावत खिडक्या उघडते. तू खुर्चीतून उठतेस, पातेल्याकडे बघतेस आणि शांतपणे म्हणतेस, "मीच ठेवलं असंल. माझं डोकं ठिकाणावर नाही राहिलं आता." बाबा हळू आवाजात म्हणतात, "तू नको जाऊ बाई गॅसपाशी." त्यानंतर तू खरंच गेली नाहीस. अडीच महिने, शेवटपर्यंत, चहासुद्धा मागून घेतलास.

माझे डाग लहान झालेत की नाही, ते पुढच्या तपासणीत कळेल. विसर अजून तरी फारसा नाही. तरी लेक मला स्वयंपाकघरात बघितलं की म्हणते, "मम्मी, तू आराम कर ना, मैं देखती हूँ." मी बाहेर येऊन बसते. आत्ता तिनं विचारलं, काय लिहितेस. किराण्याची यादी, म्हटलं.

त्या दिवशी दूध मी ठेवलं होतं, आई. खिडक्या उघडतानाच मला ते आठवलं होतं.