प्रश्न क्रमांक सात आणि एक्केचाळीस फूट

शुक्रवार, दुपार

ती. बर्थाताईस,

धाकट्या ऑझीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जुन्या होडीतून उतरताना धक्क्याच्या लोखंडी शिडीवर तो पुन्हा मुरगळला, असं पाद्रीबाबांकडून कळलं. (या वयात तुला शिडी का चढावी लागते, या विषयावर तीन निवृत्त न्यायाधीश बसले आहेत, तेव्हा मी काही बोलणं योग्य नाही.) तू पाठवलेला मनुकांचा पाव पोचला. अर्धा मी खाल्ला, अर्धा कार्यालयानं. माझी तब्येत ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब मंगळवारी वाढतो आणि गुरुवारी उतरतो. मंगळवारी सभेत प्रश्नोत्तरांचा तास असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी औषधाची चिठ्ठी फाडली.

तर या मंगळवारची हकिगत. वर्तमानपत्रात तू काहीबाही वाचशीलच. तुमच्या बेटावर ते चार दिवस उशिरा येतं, म्हणून हे पत्र त्याच्या आधी पोचेल अशी आशा आहे.

प्रश्न क्रमांक सात मिसेस टॉस्टेविन यांचा होता. तीच ती, पश्चिमेकडच्या गाईगोठ्यांची मालकीण. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर निवडून आली आणि अकरा वर्षं त्याच बाकावर बसून विणकाम करते आहे. सुया चालू असल्या की आम्ही निश्चिंत असतो. सुया थांबल्या की सभापतीसुद्धा चष्मा पुसायला घेतात. प्रश्न साधाच होता. तुमच्या बेटाच्या फेऱ्यांसाठी घेतलेल्या ‘लेडी मॉड’ या बोटीच्या खरेदीची जी चौकशी तीन न्यायाधीशांचा आयोग तीन वर्षं करतो आहे, तिच्यावर आजवर किती खर्च झाला आणि तो कुठल्या पैशातून?

माझी चिटणीस मिस ब्रेहो हिनं निळ्या फायलीत उत्तर टाइप करून ठेवलं होतं, आणि त्याखाली अकरा संभाव्य उपप्रश्नांची अकरा उत्तरं. मी उभा राहिलो आणि वाचलं, की सदर खर्च अपेक्षित मर्यादेत आहे.

मिसेस टॉस्टेविननं सुया मांडीवर ठेवल्या. “अपेक्षा कोणाची होती, मुख्यमंत्री महोदय?”

हा उपप्रश्न अकरांत नव्हता. मी मिस ब्रेहोकडे पाहिलं, तिनं छताकडे पाहिलं. मग आकडा सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नऊ लाख बारा हजार पौंड. मागून कोणीतरी विचारलं, बोट केवढ्याला घेतली होती? आठ लाखांना, मी म्हणालो. (हे सगळ्यांना माहीत होतं. पण दोन आकडे एकाच तोंडातून एकापाठोपाठ बाहेर पडले की ते नव्यानं कळतात.) बाहेर मासेवाल्याशी कोण घासाघीस करतंय ते सभागृहात ऐकू आलं.

ताई, हे पैसे आले कुठून, तेही सांगावं लागलं. टोमॅटोचे भाव पडलेले, जकात कमी झालेली, शाळेच्या छपराचं काम पुढच्या वर्षावर ढकललेलं. तेव्हा चौकशीचा खर्च आम्ही समुद्रभिंतीच्या दुरुस्तीतून भागवला. मिसेस टॉस्टेविन म्हणाली, “म्हणजे यंदा माझ्या गाई खाऱ्या पाण्यात उभ्या होत्या, त्या न्यायाधीशांच्या जेवणावर?” मी उत्तर दिलं, की आयोगाचे अध्यक्ष सर डेन्झिल आणि त्यांचे सहकारी अत्यंत साधं जेवतात. हे खरं आहे. फक्त ते समुद्राकडे तोंड असलेल्या हॉटेलात साधं जेवतात.

यानंतर तिनं खर्चाची फोड मागितली. ती सगळी इथे देत नाही, तुझे डोळे दुखतील. एकच बाब सांगतो. तुमच्या बेटाच्या बंदराचं तोंड नेमकं किती रुंद आहे हे मोजायला आयोगानं समुद्रापलीकडून तज्ज्ञ आणवला. तो तीन आठवडे राहिला, सहा हजार चारशे पौंड घेऊन गेला आणि अहवालात लिहून गेला की तोंड एक्केचाळीस फूट आहे. बोट त्रेचाळीस फूट रुंद. बोट आत जात नाही, हे तुम्ही सगळे धक्क्यावर उभे राहून पहिल्याच दिवशी फुकटात पाहिलं होतंत.

कोणीतरी विचारलं, या प्रश्नाचं उत्तर तयार करायला किती खर्च आला? मिस ब्रेहो मोठी कर्तव्यदक्ष बाई. हाही हिशेब तिनं फायलीत लावून ठेवला होता. तीनशे चाळीस पौंड. मिसेस टॉस्टेविन म्हणाली, “अगं बाई! मग मी प्रश्न मागे घेते. पैसे परत मिळतील का?” सभा हसली. मीही हसलो. तिथेच मी चुकलो, कारण ती हसत नव्हती.

“आता शेवटचं,” ती म्हणाली. “बंदराचे मोजणी अधिकारी सिरिल मार्कंड तीन वर्षं निलंबित आहेत. अर्ध्या पगारावर. का, तर त्यांनी मोजलंच नाही म्हणून. ते म्हणतात, मोजलं होतं आणि आकडा वर कळवला होता. तुम्ही तेव्हा बंदर समितीचे प्रमुख होतात. सिरिलनं आकडा कळवला होता का, नव्हता?”

सिरिल वर प्रेक्षकांच्या सज्जात बसला होता. तोच कोट, जो त्यानं लेकीच्या लग्नात घातला होता. टोपी गुडघ्यावर. तो पुढे झुकलासुद्धा नाही, नुसता बघत होता. उपप्रश्न नववा, पान चौथं. उत्तर तयार होतं, ते मी वाचलं: सदर बाब आयोगाच्या विचाराधीन असल्यामुळे तिच्यावर या टप्प्यावर कोणतंही मत व्यक्त करणं आयोगाच्या स्वातंत्र्यात हस्तक्षेप केल्यासारखं होईल. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. मिसेस टॉस्टेविननं विणकाम उचललं.

पुढचं सगळं कामकाज म्हणून सांगतो. विरोधी बाकावरच्या गॅलिएननं माझ्यावर अविश्वासाचा ठराव आणला. त्याच दमात दुसऱ्या कोणी सुचवलं, की चौकशीचा खर्च एवढा का झाला याची चौकशी करायला समिती नेमावी. समिती मंजूर झाली, एकतीस विरुद्ध चौदा. तिच्यासाठी साठ हजारांची तरतूद झाली (भिंतीतूनच). अध्यक्षपद गॅलिएनला मिळालं. सरकार पडलं असतं तर समितीही गेली असती, म्हणून त्यानं अविश्वासाचा ठराव मागे घेतला. अशा रीतीनं सायंकाळी पाच वाजता तुझा भाऊ मुख्यमंत्री होता तसाच राहिला.

जिन्यात सिरिल भेटला. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो, हे तुला आठवत असेल. मला वाटलं, शिव्या देईल. निदान मी तशी तयारी केली होती. तो टोपी घालत म्हणाला, “उत्तर चांगलं दिलंस, ऑझी. पूर्वी तू एवढी लांब वाक्यं बोलत नव्हतास.” मी विचारलं, घरी सगळं ठीक? तो म्हणाला, “ठीक. शनिवारी तुझ्या ताईच्या बेटावर गळ टाकायला जातो. मोकळाच असतो हल्ली.” आणि रेलिंग धरून उतरून गेला. त्याला खाली उतरायला किती वेळ लागला, हे मी वरून बघत होतो.

बाकी सर्व क्षेमकुशल. गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी लावत जा. पाद्रीबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
ऑसमंड प्रीओ

ता. क. — लिहायचं राहिलंच. पाच वर्षांपूर्वी ईस्टरच्या सुमारास मी तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात तुझ्या परड्यातल्या बटाट्यांविषयी बरंच आहे. तिसऱ्या पानावर असं आहे, की काल संध्याकाळी सिरिल मोजमापाची फीत घेऊन घरी आला होता, बंदराचं तोंड एक्केचाळीस फूटच भरतं म्हणत होता, पण बोटीचा फोटो वर्तमानपत्रात छापून आलाय, म्हणून मी त्याला सांगितलं, तूर्त हा आकडा फायलीत घालू नकोस, मी बघतो. सर डेन्झिलनी आता खाजगी कागदपत्रंही मागवली आहेत. तू कुठलंच पत्र टाकून देत नाहीस. तेवढं एक चुलीत घाल.

ता. क. दुसरा — चुलीत घालू नकोस. मी हे पाकीट घेऊन दोनदा टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. वरचा मजकूर खोडावा म्हटलं, पण खोडलेलं तू उजेडासमोर धरून वाचतेस, लहानपणापासून. पत्र शोधून ठेव. हे उद्या सकाळच्या होडीनं पोचेल; सिरिलचं गळ टाकून झालं की त्याला घरी बोलव आणि ते त्याच्या हातात दे. पाकिटात नको, उघडंच दे. पुढे काय करायचं ते तो ठरवेल. आयोगासमोर मी तीनदा ‘आठवत नाही’ म्हणालो आहे, हेही त्याला सांग. त्याला चहा दे आणि वाचून होईस्तोवर एकटं सोडू नकोस.

ता. क. तिसरा — मुख्यमंत्र्याचं घर सरकारी असतं, आणि ते रिकामं करायला चौदा दिवस देतात. तुझी मागची खोली अजून त्या पक्षीनिरीक्षकाला भाड्यानं दिलेली आहे का, ते उलट टपाली कळव. शिडी मी चढू शकतो.