कपड्यांना ऊन

आई, कपड्यांना ऊन दाखवतोय असं तू का म्हणालीस? मी विचारलं की "गप बस, तुला काय कळतंय" एवढंच तुझं उत्तर. आबांनी तुझी ट्रंक उचलून दारात आपटली होती, "माझं घर हाय, हो चालू" म्हणाले होते. आणि समोरची काकू दळण घेऊन येताना दिसली तशी तू पटकन झाकण उघडलंस. मला म्हणालीस, "उलगड रं साड्या, टाक भिंतीवर." मी टाकल्या. काकूला तू हसून सांगितलंस, कसर लागली होती, ऊन दाखवतोय. शेजारच्या शेडमध्ये माग खडखडत होते, म्हणून आतलं कुणाला ऐकू गेलं नसेल असं तुला वाटलं. पण गल्लीला सगळं माहीत होतं. पुढं पुढं त्याच बायका विचारायच्या, "आज परत ऊन व्हय वैनी?" आणि तू म्हणायचीस, "व्हय बाई, मालकांना वास खपत नाही." मालक! ज्यानं बाहेर काढलं त्यालाच मालक. नववीत शाळा सोडून मी घरातून पळालो तेव्हाही आपलं हेच भांडण चालू होतं. तू गेलीस तरी ते माझ्यापुरतं मिटलेलं नाही.

आता ऐक. मी इथं सिडनीत हॉस्पिटलात खाटा ढकलतो, पेशंटला वॉर्डातून एक्स-रेला न्यायचं आणि परत आणायचं. गेल्या आठवड्यात ब्रेकमध्ये अक्काला व्हिडिओ कॉल लावला. अक्का पायरीवर बसलेली. मागं तिची बॅग उघडी, पोरीचे फ्रॉक कठड्यावर टाकलेले. मी म्हणालो, "काय गं, बाहेर कशी?" ती म्हणते, "काही नाही रं, कपड्यांना ऊन दाखवतीया." तिच्या डोक्यावर आभाळ काळंकुट्ट भरून आलेलं, आई. तेवढ्यात सिलिंडरवाला ओरडला, "मालक हायत काय घरात?" तर तुझी एवढीशी नात म्हणाली, "आत हायत. आमाला बाहेर ठेवलंय." अक्कानं फोन बंद केला. माझ्या हातातली कॉफी तशीच गार झाली. परत लावायला अंगठा उचलत नव्हता.

त्या अवस्थेत एका म्हातारीला एक्स-रेला नेत होतो. लिफ्ट येईना. ती म्हणाली, "काय झालं, मेट? चेहरा का पडलाय?" माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, बहीण, बॅग, बाहेर. तिनं विचारलं, "घर कुणाचं आहे?" मी म्हणालो, तिच्या ओनरचं. मालकाला दुसरा कुठला शब्द मला सुचलाच नाही. म्हातारी उशीवरून अर्धी उठली. "तिचा ओनर?" मी म्हणालो, आमच्यात नवऱ्याला तसंच म्हणतात. ती खोकला येईपर्यंत हसली आणि मग एकदम हसायची थांबली. म्हणाली, ती मूळची अमेरिकेतली, तिथल्या जुन्या लोकांतली. बाकीचे त्यांना इरोक्वॉय म्हणतात, पण ते स्वतःला लांब घराची माणसं म्हणवतात. आणि ते लांब घर बायकांचं. शेत बायकांचं, लेकरं आईच्या कुळाची. सरदार कोण हे म्हाताऱ्या बायका ठरवायच्या, आणि तो माजला तर त्याच बायका त्याला खालीही उतरवायच्या. नवरा बिनकामाचा निघाला तर त्याचं कांबळं दाराबाहेर.

निम्मं मला कळलं, निम्मं परतीच्या खेपेला तिनं पुन्हा सांगितलं. त्यांच्या शेजारी गोऱ्या लोकांची गावं होती. तिथं लग्न झालं की बाईचं घर, मजुरी, पोरं, सगळं कायद्यानं नवऱ्याचं. त्या बायकांना लहानपणापासून सांगितलेलं, जगात सगळीकडे असंच असतं, देवानंच तसं लावून दिलंय. आणि पलीकडच्या वस्तीत बघतात तर हे असं. त्यातल्या काहीजणी घरी जाऊन लिहायला लागल्या, सभांमधून भांडायला लागल्या. "आम्हाला बघून त्यांना बळ आलं," म्हातारी म्हणाली, "पण नंतर आमचं नाव कुणी घेतलं नाही." मी खाट ढकलत विचार करत होतो, त्यांना शेजारी बघायला तरी मिळालं. आपल्या गल्लीत काय होतं बघायला? भिंतीवरच्या साड्या.

मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण झाला नाही. कारण इथं तुझ्या जागेवर मी आहे. व्हिसा तुझ्या सुनेचा, ती नर्स आहे म्हणून. मी तिच्या कागदावर डिपेंडंट. भाड्याचं घर तिच्या नावावर. त्या दिवशी घरी पोचतो न पोचतो तोच ती म्हणाली, "तुझी बॅग काढ." मी बॅग ओढून आधी पासपोर्ट आहे का बघितला. ती बघतच राहिली. "अरे, पलंगाखाली व्हॅक्यूम मारायचाय! असा पांढरा का पडलास?" ती मला कधी वाकडा शब्द बोललेली नाही, तरी हे असं होतं. तू ही भीती किती वर्षं पोटात ठेवून भाकऱ्या थापल्यास? मी तुला भित्री म्हणायचो.

जेवताना तिला सगळं सांगितलं. अक्काच्या मैत्रिणीच्या गल्लीत दोन खोल्या विकायच्या आहेत. मी म्हणालो, माझ्या नावावर घेतो, म्हणजे अक्काला कुणी बाहेर काढणार नाही. तुझी सून वाढता वाढता थांबली. "आणि तू काढलंस तर?" मी म्हणालो, "मी कशाला काढीन?" तिनं वरण वाढलं. मी हातातला घास परत ताटात ठेवला, कारण त्या क्षणी माझा आवाज थेट आबांसारखा आला होता.

म्हणून अक्काच्याच नावावर. गाडीसाठी साठवलेले पैसे आहेत, अक्काला अजून सांगितलेलं नाही. दाजींना कळलं तर काय करतील, आबा फोनवर काय बोलतील, अक्काच घाबरून सगळं दाजींच्या हातात देईल, सगळ्याचीच धास्ती आहे. मला एवढंच पाहिजे, की दारात कुणी "मालक हायत काय" ओरडलं तर पोरीनं आईला हाक मारावी.

हे कुठं पाठवायचं, तुझा पत्ताच नाही. आणि एक सांगतो, हसू नको. माझी बॅग मी परत पलंगाखाली सरकवलीय, भरलेली, पासपोर्ट वरच्या कप्प्यात. फोनवर पैसे पाठवायचं बटण आता दाबतो. अक्काच्या खात्यावर, खोल्यांचा विसार म्हणून, दोन लाख साठ हजार रुपये.