ओल्या डब्यातलं कार्ड

चिंचपोकळी, मंगळवार

तीर्थस्वरूप सीतारामदादा यांस, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे उत्तमचा, साष्टांग नमस्कार.

तुमचे डोळे कसे आहेत? वहिनींचा गुडघा? आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मी भयंकर घाबरलेला आहे.

त्याचं असं झालं. सरकारने कायदा केलाय, की पालिकेने घरोघरचा ओला आणि सुका कचरा वेगवेगळा उचलायचा. कायदा पालिकेला, घाम आम्हाला. (वीस वर्षांपूर्वी गिरणी बंद झाली तेव्हा आमच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही, आता आमच्या दुधाच्या पिशव्यांसाठी खास गाडी येते.) चाळीची मीटिंग भरली आणि सुक्या कचऱ्याचा प्रमुख म्हणून मला नेमलं. का, तर मी गिरणीत वेस्ट खात्यात होतो. तिथे मी रद्दी कापूस निवडायचो, शाम्पूच्या पुड्या नव्हे, असं सांगून पाहिलं. शेजारच्या आनंदीबाई म्हणाल्या, "भावजी, अनुभव तो अनुभव!"

तेव्हापासून दर बुधवारी मी गॅलरीत सुका कचरा पसरून निवडतो आणि तुमची मंजुळा मदतीला बसते. मदत म्हणजे ती वाचते. लाइटची बिलं, लग्नपत्रिका, फाडलेली प्रगतिपुस्तकं, तिच्या नजरेतून अक्षर सुटत नाही. ओल्या डब्याचं झाकण मात्र कोणी उघडत नाही, कारण आमच्याकडे बांगडे फार होतात. (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

गेल्या शुक्रवारी पालिकेचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. सुक्याचे गठ्ठे बघून खूष झाले. मग जाता जाता त्यांनी ओल्या डब्यावरचं वजन मला उतरवायला लावलं आणि काठीने झाकण उचललं. बांगड्यांच्या डोक्यांखालून पोस्टकार्ड निघालं. "ओल्यात कागद? कोणाचा हा?" म्हणत त्यांनी नाक दाबून, सगळी चाळ जमलेली असताना, ते मोठ्याने वाचलं. "चि. उत्तमराव यांस आशीर्वाद. परळच्या हॉस्पिटलात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलंय. महिनाअखेरीस तुमच्याकडे येतो. दाताच्या वेळेसारखं होणार नाही." बाकीचं रश्शाने पुसलं होतं, पण माझं नाव आणि खोलीचा नंबर स्वच्छ होता. तुम्ही पत्ता फार ठळक लिहिता, दादा.

नोटीस मिळाली. वर म्हणाले, भोईवाडा कोर्टात उभं राहावं लागेल. संपात गिरणीच्या गेटवरून उचलून मला तिथेच उभं केलं होतं, पण तेव्हा सोबतीला दोनशे कामगार होते. आता मी एकटा आणि बांगड्यांची डोकी. जज्जसाहेबांनी "गुन्हा कबूल?" विचारलं तर काय सांगू? रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

पण कोर्टाचं भय अर्धंच. मंजुळा त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. ओरडली असती तर सुटलो असतो. मुकाट्याने ताट वाढते, आणि ताटात बांगड्याचं नुसतं डोकं असतं. संपात अकरा महिने तुम्ही आम्हाला गावी जेवू घातलंत, हे ती म्हणत नाही. मला ऐकू येतं. कार्ड वाऱ्याने उडून डब्यात पडलं, असं मी तिला सांगितलं. तिने नुसतं झाकणाकडे बघितलं. झाकणावर मांजरांसाठी पाटा ठेवलेला असतो.

तुमचा,
उत्तम

ता. क. कार्ड मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला "अवश्य या" असं पत्र टाकलं, हेही मी मंजुळाला सांगून बसलोय. तर ते पत्र पोचल्याचं दोन ओळींत कळवा. पत्राची वाट बघू नका, ते लिहिलेलं नाही. जुनी तारीख घाला. पत्ता ठळक लिहा.

ता. क. २. मुक्काम किती दिवसांचा तेही वेगळ्या कागदावर कळवा. एका दाताला दोन महिने लागले होते, आणि डोळे दोन आहेत.

ता. क. ३. मंजुळा बाजाराला निघाली आहे, पत्र तिच्याकडेच टाकायला देतो. तिला संशय नको म्हणून पाकीट चिकटवत नाही.

ता. क. ४. दादा, मी मंजुळा. महिनाअखेरीची वाट बघू नकोस, आधीच ये. यांचं अंथरूण गॅलरीत डब्यांशेजारी घालते. नोटिशीचं मी पालिकेत जाऊन विचारून आले. पहिली वेळ म्हणून ताकीद देऊन सोडलंय, कोर्टबिर्ट काही नाही. यांना अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.