बिया काढलेला पेरू

प्रिय अक्का,

पाया पडते. मी तुम्हाला पत्र लिहितेय म्हटल्यावर तुम्ही पोट धरून हसाल. जिवंत होतात तोवर आपल्या दोन घरांत एकच भिंत. मी इकडून हाक मारायची, तुम्ही पलीकडून 'काय गं, पुन्हा काय सांडलंस?' म्हणायचं. आता वर्ष झालं, भिंत तिथंच आहे, पण पलीकडून काही येत नाही. आणि तुम्हाला तर अक्षरओळखही नव्हती. पण वर कोणी ना कोणी शिकलेलं असेलच की! त्यांच्याकडून वाचून घ्या. माझं शिक्षण चौथी, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका म्हणावं.

लिहायचं कारण असं, की माझ्या हातून काहीतरी झालंय. ते पाप आहे की पुण्य, मला कळेनासं झालंय. आणि विचारायचं कोणाला? त्या गोष्टीला साक्षीदार तुम्ही एकट्याच होतात.

गयेचं आठवतं ना? तुमचे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आपण दोघी यात्रेच्या गाडीतून गेलो होतो. तुम्हाला गाडी लागत होती, आणि रस्ताभर माझ्या पदरात तोंड खुपसून बसला होतात. (तो पदर मी तीनदा धुतला, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.) नदीकाठी पिंड झाल्यावर गुरुजी म्हणाले, 'माई, आता एक फळ आणि एक भाजी सोडायची, जन्मभर.' तुम्ही पटकन रामफळ सोडलंत. किती हुशार तुम्ही! आपल्याकडं रामफळाचं झाड नाही, बाजारात कोणी आणत नाही, आणि तुम्हाला ते आवडायचंही नाही.

मी पेरू सोडला.

भाजी कोणती सोडली ते मात्र आता आठवत नाही. चाकवत की घोळ? म्हणून दोन्ही खात नाही. तुम्हाला आठवत असेल तर स्वप्नात येऊन सांगा, निदान एक तरी सुटेल.

तुम्ही तिथंच माझ्या दंडाला चिमटा काढला होतात. 'आगं, येडी का खुळी तू? पेरूच्या बागंत राह्यती आन् पेरू सोडती? का गं?' मी म्हणाले, 'असंच.' तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत, मी पुन्हा पुन्हा 'असंच' म्हणाले. मग तुम्ही रागावलात आणि पुढं दर हिवाळ्यात माझ्यासमोर ओट्यावर बसून, तिखट-मीठ लावून, कराकरा पेरू खाल्लात. मुद्दाम! खरं सांगा, मुद्दाम ना?

घरात मात्र मी कोणाला नेम-बिम सांगितला नाही. म्हणायचे, 'कवळीत बिया अडकतात गं बाई.' सगळ्यांना पटलं. म्हातारीचे दात म्हटल्यावर पुढं कोण विचारतंय?

आणि घोटाळा इथंच झाला, अक्का.

आपली सोनल, माझी नात, नगरला नोकरीला असते ना, ती परवा दोन दिवस आली होती. आल्या आल्या म्हणाली, 'आजी, तुला एक गंमत करून खायला घालते. तू स्वैपाकघरात यायचं नाही.' मला म्हणते स्वैपाकघरात यायचं नाही! मी बाहेर पलंगावर बसून लसूण सोलत राहिले. सर्दीनं नाक चोंदलेलं, त्यामुळं आत काय चाललंय याचा पत्ताही लागेना. नुसता लोणी चुरचुरल्याचा आवाज येत होता. मग ती स्कूटीवर बसून बेलापूरला गेली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आईस्क्रीमचा डबा घेऊन आली. थंडीचे दिवस! मी म्हणाले, 'आगं, माझं नाक वाहतंय आन् तू बर्फ चारती?'

'खा तर खरं,' म्हणाली. 'खालून गरम हाय.'

वाटीत काहीतरी तांबूस-गुलाबी, कडेनं करपट-तपकिरी, वर पांढरं आईस्क्रीम, आणि ते वितळून खाली पाकात उतरलेलं. पहिला चमचा घेतला. अक्का, काय सांगू! अर्धं तोंड गरम, अर्धं गार. जीभ गोंधळून गेली. मऊ, लोण्यासारखं, गुळाचा पाक, कुठंतरी चिमूटभर मीठ. मला वाटलं नासपती असावी. शहरातली फळं काय, रोज नवीन निघतात.

दुसरा चमचा घेतला आणि मला कळलं.

पेरू! आपल्या बागेतला. नाक बंद होतं तरी कळलं. पस्तीस वर्षं ज्याची फोड खाल्ली ते काय नाकानं ओळखायचं असतं?

सोनल समोर बसून हसत होती. 'ओळखलंस ना? तुझ्यासाठीच केलं, आजी. चमच्यानं सगळ्या बिया काढल्यात. तुझ्या कवळीत आता एक पण अडकायची नाही!'

आता सांगा, काय म्हणणार होते मी? की बाई गं, कवळीचं खोटं होतं? पोरीनं डझनभर पेरू कोरले होते, बोटं चिकट झाली होती. मला वाटी खाली ठेवायला हवी होती. थुंकायला हवं होतं. तुळशीपुढं नाक घासायला हवं होतं. आणि मी काय केलं असेल? मी सगळी वाटी खाल्ली! पाकही चमच्यानं खरवडून खाल्ला, आणि वर म्हणाले, 'आजून हाय का गं?'

पहिला घास नकळत होता, तो देव माफ करेल. पण पुढचे आठ-नऊ? ते तर कळून-सवरून खाल्ले! आणि मला वाईट वाटण्याऐवजी इतकं गोड वाटलं, की मी पलंगावर बसून एकटीच हसत होते. असं कसं, अक्का? सोडलेलं खाल्लं की कडू लागायला हवं ना?

तितक्यात माझा दत्तू रानातून आला. सोनलनं बापापुढंही वाटी केली. तो हात मागं घेऊन म्हणाला, 'मला नको. तुमी खा.' ती म्हणाली, 'पप्पांचं नेहमीचंच. स्वतःच्या बागेतला पेरू कधी खातच नाहीत.' तो म्हणाला, 'हलवायाला कुठं पेढ्याचं कौतुक असतंय?' आणि हात धुवायला निघून गेला.

हे वाक्य मी त्याच्या तोंडून कितीदा ऐकलंय! पण त्या दिवशी तोंडात पेरूची चव होती, म्हणून की काय, पहिल्यांदा कानात शिरलं. कधीपासून खात नाही हा? लहानपणी तर झाडावरून उतरायचा नाही. मी मनातल्या मनात मागं मागं गेले आणि एका दिवसापाशी येऊन थांबले.

आता तुम्हाला ते 'असंच' काय होतं ते सांगते. तुम्ही तेव्हा श्रीगोंद्याला लेकीकडं होतात, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही.

यांचं पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आणलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बियांचं काही द्यायचं नाही. त्या सकाळी हे दत्तूला म्हणाले, 'दत्तू, एक पेरू आण रे. त्या विहिरीकडच्या झाडाचा.' चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. पोरगं पळत गेलं, आणलं, फोडी केल्या, मीठ लावलं, ताटलीत घेऊन बापाच्या उशाशी बसलं. मी आत आले आणि ताटली हिसकावून अंगणात फेकली. शेजारची चार माणसं भेटायला आलेली, त्यांच्यासमोर ओरडले, 'बापाला मारायला निघालास का रं?'

हे नुसतं दाराकडं बघत राहिले. तिसऱ्या दिवशी गेले.

फोड तर त्यांच्या ओठाला लागलीच नव्हती, अक्का. ते गेले ते त्यांच्या दुखण्यानं. पण त्यांना मिळाला नाही म्हणून मी पेरू सोडला आणि मला वाटलं, फेडलं आपण. माझ्या बोलण्याचं काय झालं, ते कोणाच्या काळजात जाऊन बसलं, हे मी कधी बघितलंच नाही. मी गयेला जाऊन सोडला, त्यानं घरात बसून सोडला.

आणि आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. बियाच नको होत्या ना डॉक्टरांना? मग चमच्यानं काढता आल्या असत्या की! भाजून मऊ करून, कुस्करून, जिभेवर जरासा ठेवता आला असता. नाहीतर डॉक्टरांना एक शब्द विचारता आला असता. एवढं सोपं! बावीस वर्षांच्या पोरीला सुचलं, मला का नाही सुचलं? रडू येतं, आणि लगेच ती चव आठवते नि हसू येतं. दोन्ही एकदम. मला काही कळत नाही बघा.

नेम मोडला की नाही, ते तुम्हीच तिथं विचारून ठेवा. यांनाही विचारा. पण उत्तर द्यायला मला लगेच वर बोलावू नका, अजून लोणची घालायचीत.

आज सोनल गेली. जाताना तिनं सगळं दाखवलं. पिवळा झालेला पण बोटाला घट्ट लागणारा पेरू घ्यायचा. मधोमध चिरायचा, बिया कोरायच्या. कढईत लोणी, त्यावर फोडी पालथ्या, मंद आच. कडा तांबूस झाल्या की उलटायच्या, गूळ किसून घालायचा, दालचिनी, मीठ, आणि झाकण. मी दुपारी करून बघितलं तर आच मोठी ठेवली आणि गुळाची चिक्की झाली. कढई अजून भिजत घातलीय. सूनबाई म्हणाली, 'आत्याबाई, तुमी पेरूला कसा काय हात लावला?' मी म्हणाले, 'असंच.' जीभ चावली, पण सवय वाईट.

दुसऱ्या खेपेला जमलंय. तीन पेरू झाकून ठेवलेत, आईस्क्रीम फ्रीजमध्ये आहे. दत्तू टेम्पोतून पेरूचे क्रेट बाजारात टाकायला गेलाय, चहाच्या वेळेला येईल.

तेव्हा अक्का, तुम्हाला शब्द देते. आज मी त्याच्यापुढं वाटी ठेवणार आणि चार माणसं असली तरी त्यांच्यासमोर सांगणार, 'दत्तू, तुझ्या बापानं शेवटचं काही मागितलं, ते तू पळत जाऊन आणलंस. चुकले ती मी. ते बोलणं माझं होतं, ते तू वाहू नको.' त्यानं खाल्लं तर खाल्लं. नाही खाल्लं तर आईस्क्रीम वितळेल, वितळू दे. मी समोर बसून राहीन, पण आज 'असंच' म्हणून उठणार नाही.

टेम्पो वळला वाटतं. गॅस लावते.

तुमची धाकटी जाऊ,
कौसा