चिंचेने धुतलेल्या पुंगळ्या

५ ऑक्टोबर, रविवार. न्यूनेन
सूनबाई मृणाल नेमबाजीच्या क्लबातून आली ती हसतच. "बाबा, शेवटची गोळी अगदी मध्यात!" कॉलेजात एन.सी.सी.त होती, इथे परदेशात येऊन पुन्हा रायफल धरली. आता काडतुसंही स्वतःच भरणार म्हणे, मागच्या शेडमध्ये. उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घ्यायची, दारू नवी, गोळी नवी. तयार काडतुसं महाग पडतात. मी बरं म्हटलं. जेवण गेलं नाही.
दारूगोळ्याच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी पितळेच्या पुंगळ्या धुण्यात गेली. त्या इथवर मागे येतील असं काही वाटलं नव्हतं.

७ ऑक्टो., मंगळ
जेवताना पुंगळ्यांचाच विषय. चांगल्या कंपनीच्या नव्या घेतल्या तर पुष्कळदा भरता येतात, पण खिशाला जड. लष्कराच्या जुन्या स्वस्त, पण जाड, त्यांत दारूचं माप वेगळं धरावं लागतं. आणि क्लबातला म्हातारा हेन्क स्वतःच्या वापरलेल्या जवळजवळ फुकट देतोय.
अमोल म्हणाला, "हेन्कच्या घे. घराचा हप्ता आहे."
मी म्हटलं, "नव्या घ्या."
"बाबा, तुम्ही आयुष्यभर वाकडे खिळे ठोकून सरळ केलेत. आज एकदम नवं कसं सुचलं?"
मी कारखान्यातल्या सावंतचं नाव काढलं. अमोलने ताट उचललं. "जेवताना तो डोळा नको, बाबा."

९ ऑक्टो.
झोप नाही नीट. सावंत कारखान्यात चाचणीला होता. एकदा पुंगळी बुडाशी फाटली, जळता वायू मागे फिरून तोंडावर आला. उजवा डोळा गेला, काचेचा बसवला. आमच्या समोरच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. दुपारी दारात खाटेवर झोपायचा, तो डोळा अर्धा उघडा. अमोल लहानपणी त्याला भिऊन मागच्या गल्लीने घरी यायचा.
सावंत जाऊनही वर्षं झाली. आज चहा घेताना शेडच्या खिडकीत दिसला. काचेवर उजेड पडला असेल. पण ऊन नव्हतं.

१२ ऑक्टो., रवि
हेन्कची पिशवी आली. मळकट, काळपट. मृ. ने एक लांबूनच दाखवली. "हे बघा बाबा, बुडाच्या जरा वर गोल रेघ दिसते ना? इथे पितळ ताणून पातळ झालंय. अशी टाकून द्यायची. हेन्कने बजावलंय. मी एकेक बघून घेणार आहे." पोर शहाणी आहे. जरा बरं वाटलं.
अमोल: "तुम्ही हात लावायचा नाही हं. लायसन्स तिच्या नावावर आहे. पोलीस घरी येऊन बंदुकीचं कपाट बघून जातात."
मी कशाला लावतो हात.

१६ ऑक्टो., गुरु
उद्या वसुबारस. देवाची भांडी काढली. ही गेल्यापासून मीच घासतो. समई, ताम्हन, घंटा, चिंच-मीठ लावून. मृ. ने पुंगळ्या बघायला म्हणून पिशवी ओट्यावर आणली, तेवढ्यात ईराच्या शाळेतून फोन, ती सायकल काढून गेली.
काळं पितळ समोर, चिंचेचं पाणी समोर. हाताला राहवेना. सगळ्या घातल्या, चोळल्या, टॉवेलवर ओळीने मांडल्या.
ईरा आल्याआल्या ओरडली, "आजोबा, इट्स गोल्ड!" मृ. आधी चिडली. "बाबा, काय सांगितलं होतं?" मग एक उचलून फिरवली. "दिसतायत मात्र अगदी नव्या."
खूप दिवसांनी शांत झोपलो.

१७ ऑक्टो., शुक्र
सकाळी समईत वात घालताना लक्षात आलं. तिच्यावरचे जुने डाग गेलेत. म्हणजे पुंगळ्यांवरच्या रेघाही गेल्या.
मृ. ला धावत जाऊन सांगितलं. तिने एक उजेडाला धरली. मग म्हणाली, "आतून बघता येतं." तारेचं टोक वाकवलं, पुंगळीत घालून आतल्या बाजूवरून ओढत गेली. पातळ जागी टोक अडकतं. सावंत असंच सांगायचा, ही कुठून शिकली? बऱ्याच बाजूला काढल्या.
"बाकीच्या ठीक आहेत."
"ठीक आहेत, की ठीक वाटतात?"
"बाबा, तुम्ही त्या हाउसआर्ट्सकडे बी.पी. दाखवून या."
गेलो होतो मागे. इथली फॅमिली डॉक्टरीण म्हणाली, पाणी प्या, चाला.

२३ ऑक्टो., भाऊबीज
रविवारी तिची स्पर्धा. काडतुसं भरून कपाटात बंद. म्हटलं, आत्ता नव्या मागव, माझ्याकडून दिवाळी समज. "रविवारपर्यंत येणार नाहीत, बाबा. पुढच्या वेळी नक्की नव्या. आणि जाड चष्मा असतो माझ्या डोळ्यांवर." चष्मा लावून दाखवला, डोळे मिचकावले. हसू आलं नाही. दोन्ही डोळे बघून घेतले.
सावंत शेडच्या खिडकीत आहे. रोजच आहे आता.

२६ ऑक्टो., रवि
आज इथली घड्याळं तासभर मागे. वाट बघायला एक तास जास्त.
मृ. सकाळी गेली. पाया पडून गेली. अमोल ईराला पोहायला घेऊन गेला.
ओटा पुसताना ताम्हनामागे एक पुंगळी सापडली. धुताना घरंगळली असणार, तिने ही तपासलीच नाही. मृ. ची तार घेतली. आत फिरवली, टोक अडकलं. पुन्हा फिरवली, नाही अडकलं. तिसऱ्यांदा कळलंच नाही. म्हणजे तिलाही एखादीत कळलं नसेल तर
फोन केला. वाजत राहिला. आत फोन बंद ठेवतात, तिनेच सांगितलं होतं.
शेडकडे बघितलं. खिडकीत आज सावंत नाही. सकाळपासून नाही. मृ. बरोबर गाडीत तर गेला नसेल
कुकर लावायला घेतला. हात तिघांच्या तांदळावर थांबला. चौथी मूठ घातली, मृ. ची. वरून आणखी एक.